त्या दोन जागा रिकाम्या का दिसतात

‘मॉलमध्ये दिव्यांगांच्या पार्किंगच्या जागा कायम रिकाम्या. लावलीच कोणी गाडी, तर उतरणारा ताडताड चालत जातो. कायद्याची सक्ती नाही, नुसत्या सूचना आहेत. मग आपण पाच मिनिटं लावली तर काय बिघडलं?’ हा मेसेज या आठवड्यात मला तीन ग्रुपवर आला. खाली सही, ‘एक जागरूक नागरिक’.

रिकाम्या जागांचं आधी बघू. कारची नेहमीची जागा साधारण अडीच मीटर रुंद, गाडी पावणेदोन मीटर. उरतं पाऊण मीटर, तेही दोन बाजूंना वाटलेलं. माझी ताई हँड कंट्रोलची गाडी चालवते. उतरताना दार सताड उघडायचं, शेजारच्या सीटवरून व्हीलचेअरची फ्रेम अंगावरून बाहेर काढायची, चाकं बसवायची, ब्रेक लावायचा आणि हातांवर भार घेऊन सरकायचं. म्हणून नियमात दिव्यांगांच्या जागेची रुंदी किमान 3.6 मीटर. आमच्याकडच्या मॉलमध्ये त्या जागेला साखळी आणि कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन दुसऱ्या गेटवर. त्याला बोलवायला ताईने उतरायचं कुठे? ती पुढे निघून जाते, जागा रिकामीच दिसते.

ताडताड चालणाऱ्यांबद्दल. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 आहेत. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, हिमोफिलियाही येतात. जाताना चालणारा माणूस परतताना भिंत धरून येऊ शकतो. तोतये असतात, नाही असं नाही. त्यांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, बघा, चाल नको.

सक्तीचं म्हणाल तर मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला लागू असलेली 2020ची विकास नियंत्रण नियमावली सार्वजनिक इमारतींत दोन जागा मागते, त्याही प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत. 2016च्या कायद्याच्या कलम 44नुसार सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला मिळत नाही. ‘नुसत्या सूचना’ हा सूर या कायद्याखालच्या ज्या नियम 15(1)मुळे निघत होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला केंद्राला तीन महिने दिले.

राहिली पाच मिनिटं. मागे एकदा साखळी निघालेली होती, ताईला जागा मिळाली. खरेदी करून आली तर दार उघडायला शेजारी मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यांवर एक गाडी, ताईच्या दाराला खेटून. पिशव्या मांडीवर घेऊन ती पंचवीस मिनिटं तिथेच बसली. गाडीवाला आला आणि म्हणाला, “अहो, आत्ताच तर लावली!”