नाजाची बाटली आणि फुरशाचं विष

गणपती जवळ आले की आमच्या वाडीच्या ग्रुपवर दोन गोष्टी न चुकता येतात. आरत्यांची पीडीएफ आणि 'नाजा 200'चा मेसेज. मेसेज तोच जुना, दरवर्षी कुणीतरी नवा चाकरमानी पुढे ढकलतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. होमिओपॅथीची नाजा 200 ही पाच-दहा रुपयांची बाटली घरात ठेवा. साप चावला की दहा-दहा मिनिटांनी एकेक थेंब, असं तीनदा जिभेवर टाका, माणूस वाचलाच म्हणून समजा. हे औषध नागाच्या विषापासूनच केलेलं असतं, आणि विषानंच विष मरतं. देशात सापांच्या साडेपाचशे जाती, त्यातल्या विषारी फक्त दहा, बाकी माणसं भीतीनंच मरतात. सिरिंजचं तोंड कापून जखमेवर लावा आणि विष ओढून काढा. हॉस्पिटलातलं इंजेक्शन दहा हजारांचं, तेही मिळत नाही. आणि सगळं संशोधनानं सिद्ध झालंय, पण औषध स्वस्त म्हणून ते दडपलं जातं.

मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होतो, आता निवृत्त आहे. ग्रुपवर वाद घालायचा कंटाळा येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी जातींचा आकडा. भारतात सापांच्या तीनशेहून थोड्या अधिक जाती आहेत आणि त्यातल्या साठेक विषारी. मेसेजमधले दोन्ही आकडे चुकीचे. भीतीनं मरण्याबद्दल म्हणाल, तर 2020 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात 2000 ते 2019 या काळातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा अंदाज बारा लाखांच्या घरात आला, म्हणजे वर्षाला सुमारे 58 हजार. त्यात पाव हिस्सा पंधरा वर्षांखालची मुलं. आणि बहुतेक मृत्यू दवाखान्यात नाही, घरीच झालेले.

आता 'विषानं विष मरतं'. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचाच त्रास जास्त. प्रतिविष, म्हणजे हॉस्पिटलातलं ते इंजेक्शन, असंच तयार होतं. घोड्याला विषाचे छोटे छोटे, वाढते डोस देतात, त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी करून कुपीत भरतात. फ्रेंच डॉक्टर आल्बेर काल्मेत यांनी 1890च्या दशकात हे केलं ते नागाच्या विषावर. पुढच्या काही वर्षांतच दिसून आलं की नागावरचं सिरम घोणसाच्या विषापुढे चालत नाही. ज्याचं विष, त्याचंच प्रतिविष. म्हणून आपल्याकडची कुपी चौघांच्या विषावर मिळून बनवलेली असते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं.

नाजा म्हणजे नाग. आणि आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चावतं कोण? दगड उचलला, गवताचा भारा बांधला, पेंढ्यात हात घातला की फुरसं. हातभराचं जनावर, अंग अंगावर घासून करकर आवाज करणारं. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात मेलेल्या फुरशांवर बक्षीस होतं आणि ती लाखांनी जमा होत. नागाचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर जातं, पापण्या मिटायला लागतात, श्वास अडखळतो. फुरशाचं विष रक्तावर जातं. रक्त गोठवणारे घटकच ते वापरून संपवून टाकतं, मग रक्त गोठायचंच विसरतं.

हे डोळ्यांनी बघायची सोय आहे, आणि ते माझं रोजचं काम होतं. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचं, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणानं धुतलेली तर नाहीच नाही, कारण मग चांगलं रक्तही गोठत नाही आणि सगळा घोळ होतो. वीस मिनिटांनी नळी एकदा तिरकी करायची. धड माणसाचं रक्त जेलीसारखं तळाशी चिकटून राहतं. भातकापणीच्या दिवसांत एकदा एका बाईंना आणलं होतं, पाय घोट्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं. त्यांचा नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. "गोठला नाय?" एवढंच म्हणाला. घरी नाजाचे तीन थेंब देऊन झाले होते, त्यात दीड तास गेला होता. प्रतिविष सुरू झालं, दर सहा तासांनी नळी लावत राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या नळीत रक्त तळाला घट्ट बसलं. दहा रुपयांच्या बाटलीबद्दल माझा राग त्या दीड तासाचा आहे.

बाटलीत असतं तरी काय? 200 म्हणजे शंभरात एक असं दोनशे वेळा पातळ केलेलं. घरी आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घेऊन हिशेब करून बघा. एक चमचा आगळ शंभर चमचे द्रावणात. त्यातला एक चमचा परत शंभरात. तिसऱ्या खेपेला रंग जातो, आंबटपणा जातो. चमच्याचमच्यानं टाकून न देता तेवढंच आगळ एकदम तितकं पातळ करायचं म्हटलं, तर बाराव्या खेपेपर्यंत पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या जवळजवळ चौपट पाणी लागेल. अजून 188 खेपा बाकी. रेणू मोजता येतात, त्यांचा आकडा रसायनशास्त्रात शाळेपासून शिकवतात, आणि त्या हिशेबानं बाराव्या खेपेच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू हातून जातो. उरतं ते पाणी आणि अल्कोहोल.

कुणी म्हणेल, विषापासून औषधं होत नाहीत का? होतात की. रक्तदाबावरची कॅप्टोप्रिल ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरच्या संशोधनातून आली. हृदयविकारात देतात ते टिरोफिबान तर फुरशाच्याच जातकुळीच्या विषातल्या प्रथिनावरून बेतलेलं. पण त्यात मिलिग्रॅम मोजलेले असतात. प्रतिविषाच्या कुपीवरही हिशेब असतो: एक मिलिलिटर फुरशाचं 0.45 मिलिग्रॅम विष मारतं.

"पण आमच्या काकांना गुण आला." येणारच. बरेच साप बिनविषारी, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडता नुसताच चावतो. अशा वेळी नाजा दिलं काय, चहा दिला काय, माणूस उठून बसतो. आपल्या जुन्या तर्कशास्त्रानं याला काकतालीय न्याय असं नावच देऊन ठेवलंय. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं. फळ कावळ्यामुळे पडलं की नाही हे कळायला कावळा न बसलेली झाडंही बघावी लागतात.

विष ओढून काढण्याबद्दल दोनच ओळी. ज्याचं रक्त गोठत नाही त्याच्या जखमेला सिरिंज किंवा ब्लेड लावू नका. करकचून दोरीही बांधू नका.

राहिलं ते दडपण्याचं. इथं मला हसू येतं, कारण उलटं उदाहरण आपल्याच कोकणात घडलंय. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रोगी बघत होते. तांबड्या विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येऊन, फुप्फुसात पाणी भरून धडधाकट पोरं मरायची. त्यांनी लक्षणं टिपली, नोंदी ठेवल्या, 1982 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी तिथं लागू पडते हे दाखवलं. एवढ्यावर थांबले नाहीत. नुसती गोळी बरी की गोळीच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष, हे सत्तर रोग्यांवर तपासलं. जोडीचे रोगी सरासरी दहा तासांत बरे झाले, नुसत्या गोळीचे साडेसतरा तासांहून थोड्या अधिक वेळात. हे 2011 साली 'बीएमजे' या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आलं. औषध स्वस्त, गाव आडबाजूचं. कुणी दडपलं? नाजावाल्यांनी अशी एक वही दाखवावी.

इंजेक्शन दहा हजारांचं हेही नाही. सरकारी रुग्णालयात प्रतिविष फुकट मिळतं. मात्र तक्रारीतलं खरं ते मान्य करतो. कुपी शिरेतूनच द्यावी लागते, ॲलर्जी उठली तर ॲड्रेनलिन हाताशी लागतं, त्यामुळे ती घरी ठेवायची वस्तू नाही. प्रतिविषासाठीचं बरंचसं विष तमिळनाडूतल्या सापांचं असतं, आणि प्रदेशागणिक विष थोडं बदलतं. हिरवा चापडा या सापाच्या विषावर तर ही कुपी नाहीच. यावर काम चालू आहे आणि ते आणखी व्हायला हवं.

काल ग्रुपवर एकानं विचारलं, "मग भाऊ, घरात ठेवायचं काय?" बॅटरी, काठी आणि गवत कापताना पायात गमबूट. चावलंच तर अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, चालवायचं नाही, आणि 108. आणि गणपतीआधी एक फोन करून ठेवायचा: आपल्या जवळच्या कुठल्या रुग्णालयात आज कुपी शिल्लक आहे? आमच्या वाडीचं मी कालच विचारलं. आहे, गाडीनं पस्तीस मिनिटं.