जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, रोज चालवायची, तर इंजिन बदलावेच लागते का?

‘प्रीमियर पद्मिनी रोज वापरायची असेल तर तिच्यात नव्या गाडीचे डिझेल इंजिन बसवून घ्या, मूळ इंजिन कोकणातल्या घाटात टिकत नाही,’ हा सल्ला रत्नागिरी-चिपळूण भागात मोबाइलवरून हातोहात फिरतो आहे. तो वाचून चांगल्या गाड्या कापल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंजिन घाटात तापते, हा त्यातला पहिला मुद्दा. माझीही गाडी परशुराम घाटात दोनदा वाफ सोडत थांबली होती. मिस्त्रींनी रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली, तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्या तांबूस गाळाने बुजलेल्या दिसल्या. वर्षानुवर्षे आम्ही त्यात विहिरीचे पाणी ओतत आलो होतो. रेडिएटरची नवी जाळी (नळ्यांचा गाभा) बसवून कूलंट भरल्यापासून तेच १०८९ सीसीचे इंजिन तोच चढ न तापता चढते.

ताकद वाढली की प्रवास सुखाचा होतो, हा दुसरा मुद्दा अधिक घातक आहे. इंजिनाचा जोर क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा फिरता दांडा) आणि डिफरन्शिअल (मागच्या दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी दातेरी चक्रे) यांतून मागच्या चाकांपर्यंत जातो, आणि हे सगळे भाग मूळ इंजिनाच्या बेताने घडवलेले आहेत. जास्त टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याचा जोर जास्त असलेले इंजिन जोडले की क्लच प्लेट घसरते, शाफ्टचे क्रॉस (त्याच्या टोकांचे सांधे) वाजू लागतात आणि शेवटी डिफरन्शिअलच्या दात्यांवर येते. वाढलेला वेग आणि पुढचे जादा वजन उतारावर आवरायला मात्र चारही चाकांना जुने ड्रम ब्रेकच असतात. हिंदुस्तान मोटर्सने ॲम्बेसेडरला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन दिले, तेव्हा जोडीला पाच गिअरांचा गिअरबॉक्सही दिला होता.

‘कागदपत्रांचे नंतर बघू’ हेही चुकीचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. पन्नास वर्षांवरील गाडीची विंटेज नोंदणी हवी असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती मूळ स्वरूपात असावी लागते. शिवाय विंटेज नोंदणी झालेली गाडी नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

सुख हवे असेल तर पैसे क्लच प्लेट, इंजिनाचे रबरी माउंटिंग, शाफ्टचे क्रॉस आणि ब्रेक लायनर यांवर घालावेत. मी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे जुने यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, आणि आता भर आषाढात, पडवीत रात्रभर दमट हवेत उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते.