पायऱ्या दाखवा

बावीस वर्षं मी पतसंस्थेत कॅशियर होते. बंडल अंगठ्याखालून नुसतं फर्रकन सोडलं तरी आत एक नोट कमी आहे हे मला कळायचं. अशा बाईला न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटी कॉलेजनं ‘इंट्रोडक्टरी मॅथेमॅटिक्स’मध्ये नेऊन बसवलं. इंट्रोडक्शन म्हणजे ओळख. म्हणजे गणिताची आणि माझी ओळख करून द्यायची होती!

खरं तर मी गेले होते मसाज शिकायला. भावंडांच्या रांगेतलं ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत माझी पन्नाशी आली. इथं आल्यावर ओकट्री रोडवरच्या एका वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर उभी राहू लागले. दर रविवारी ताईचे गुडघे चोळून द्यायचे आणि ताई दर रविवारी म्हणायची, “तुझ्या हाताला गुण आहे गं.” एका रविवारी दाजी पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “मग फुकट का चोळते? इथं या गुणाचे तासावर पैसे मिळतात.”

न्यू जर्सीत मसाजचं लायसन्स हवं तर ५०० तासांचं शिक्षण लागतं. ते मी करणारच होते. पण ताईला हौस. “नुसतं सर्टिफिकेट काय घेतेस, दोन वर्षांची डिग्रीच घे.” डिग्री म्हटली की गणित आलं आणि गणित म्हटलं की आधी प्लेसमेंटची, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायची परीक्षा आली.

ही ॲक्युप्लेसर नावाची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. घड्याळ नाही, घाई नाही. सुरुवातीला दोन-तीन प्रश्न एक्स-वायचे आले, ते मी देवावर हवाला ठेवून सोडवले. मग पेपर सोपा होत गेला. अपूर्णांक आले, टक्के आले, माझा आनंद वाढत गेला. बाहेर येऊन ह्यांना फोन केला, “काही नाही हो, शेवटी शेवटी तर अगदी पोरखेळ होता.” नंतर कळलं की उत्तर चुकलं की तो कॉम्प्युटर पुढचा प्रश्न सोपा देतो. मला वाटत होतं मी पेपर जिंकतेय. खरं तर तो मला दयेनं वागवत होता.

तर सप्टेंबरपासून मंगळवार-गुरुवार सकाळी गणित आणि दुपारी मसाज.

गणिताचे सर माझ्या मुलाच्या वयाचे. पोरं त्यांना नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ‘सर’च निघतं आणि दर वेळी ते मागे वळून बघतात. पहिल्या चाचणीत एक गणित होतं : ८० डॉलरच्या मिक्सरवर ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स किती? हा आमच्या राज्याचा खराखुरा दर. (कपड्यांवर नाही, म्हणून तर न्यूयॉर्कवाले खरेदीला इकडे येतात.) आता हे काय गणित आहे? सहा टक्क्यांचे ४.८०, अर्ध्याचे ४० सेंट, अष्टमांशाचे १०. झाले ५.३०. आजोबांनी पावकी-दिडकी घोकून घेतलेलं डोकं ते, पेन उचलायच्या आत उत्तर तयार. मी लिहिलं ५.३० आणि पुढे गेले.

चारपैकी एक मार्क. शेजारी लाल शाईत, “व्हेअर इज युअर वर्क?”

तास संपल्यावर मी सरांना सांगितलं, “ओकट्री रोडवर.” ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी समजावलं की वर्क म्हणजे पायऱ्या. मी म्हटलं, “उत्तर बरोबर आहे ना?” ते म्हणाले, “आहे, पण तुम्ही तिथं कशा पोचलात ते मला दिसत नाही.” पतसंस्थेत मी कशी पोचले हे बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी कॅश जुळली की मॅनेजरसाहेब कुलूप लावायचे.

मग आला क्रियांचा क्रम. त्यासाठी इथं पोरांना एक वाक्य पाठ असतं, त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे इंग्रजीतला क्रियांचा क्रम : प्लीज एक्स्क्यूज माय डिअर आंट सॅली. या सॅली आत्यानं काय गुन्हा केला, कुणाला ठाऊक नाही. मला मनातून हसू आलं. आमचं ‘कंचेभागुबेव’ कसं, कुणाची माफी नाही की काही नाही. फळ्यावर १२ ÷ ३ × २ आलं. सॅली आत्या गुणाकार आधी सांगते, म्हणून अर्ध्या वर्गाचं उत्तर २. आपला भागाकार आधी, माझं ८. बरोबर! मी पदर, म्हणजे जॅकेट, सावरून बसले. लगेच पुढचं आलं : १० – ४ + ३. कंचेभागुबेव. बेरीज आधी. चार आणि तीन सात, दहातून सात गेले, तीन.

उत्तर ९. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवरचे, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरच्या; डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. आता बघा, ड्रॉवरमध्ये दहा होते, चार दिले, तीन आले, तर ड्रॉवरमध्ये किती? हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण शाळेतला मंत्र आठवला आणि बावीस वर्षांची कॅश विसरले.

दुपारी मसाजला जाताना वाटायचं, चला, निदान इथं तरी आपल्याला येतंय. पहिल्याच दिवशी मी घरचं तिळाचं तेल नेलं. बाईंनी बाटलीचा वास घेतला, “सुंदर,” म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिली. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा अधिकृत नववा ॲलर्जीवाला पदार्थ. शेंगदाण्याच्या पंगतीला बसला. तिळगूळ घ्या, आधी फॉर्म भरा.

फॉर्म खरंच असतो. ॲलर्जी, ऑपरेशनं, औषधं, कुठे दुखतं. मग माणसाला चादरीत गुंडाळायचं आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा करायचा. हात लावण्याआधी सांगायचं, विचारायचं. दाब किती हवा, एक ते दहा? गुडघ्यामागच्या खळग्यात अंगठा दाबायचा नाही, तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. आमच्या गल्लीतल्या न्हाऊ घालणाऱ्या मावशी नेमकं तिथंच दाबायच्या, वर अख्ख्या गल्लीच्या सुनांची खबर द्यायच्या. इथं बोलायचंही नाही. मी एकदा जोडीदारणीला सहज विचारलं, “मुलं किती?” माझे दोन मार्क गेले.

याला स्वीडिश मसाज म्हणतात. हात चालवायच्या पद्धतींची नावं मात्र फ्रेंच, एफ्लुराज (हात फिरवणं), पेट्रिसाज (मळणं), टापोटमाँ. ही नावं रुळवली ॲमस्टरडॅमच्या मेझगर नावाच्या डच डॉक्टरनं. खुद्द स्वीडनमध्ये याला नुसतं ‘क्लासिक मसाज’ म्हणतात. टापोटमाँ म्हणजे थापट्या. मला त्या उत्तम येतात, पण बाई म्हणाल्या, “पाठीवर मारताय की भाकरी थापताय?” अर्थात इंग्रजीत. भाकरी माझी.

स्नायूंची नावं मात्र पटकन लक्षात राहिली, तेही गणितामुळे. पाठीवर वर ट्रॅपेझियस, त्याच्याखाली ऱ्हॉम्बॉइड, खांद्यावर त्रिकोणी डेल्टॉइड. समलंब चौकोन, समभुजाचा भाऊ आणि त्रिकोण! नववीच्या भूमितीचं पुस्तक कुणीतरी माणसाच्या पाठीवर उपडं घातल्यासारखं. रात्री ह्यांना पालथं झोपवून मी पाठीवर बोट फिरवत नावं घोकायचे. हे वेअरहाऊसची शिफ्ट करून आलेले. मी समलंबापर्यंत पोचेस्तोवर घोरायला लागायचे.

ऑक्टोबर संपता संपता मला लागायची ती सवय लागली. वर्गात पायऱ्या लिहायच्या, टेबलापाशी विचारून विचारून हात लावायचा. गल्ल्यावरसुद्धा गिऱ्हाईकाला सुटे देताना मी मोठ्यानं वजाबाकी करू लागले.

नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता ताईच्या बाथरूममध्ये पाट मांडला. कारीट इथं मिळत नाही, म्हणून चेरी टोमॅटो. तेल कोमट करून भाच्याला उठवून आणलं. ताईनं सांगलीला आईला व्हिडिओ लावला. तिकडे दुपारचा चहा चालला होता. पोरगं डोळे चोळत उभं. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “तेल लावू का? कुठे दुखतंय का? दाब किती हवा, एक ते दहा?”

त्यानं जरा विचार केला. “नो, थँक्स मावशी,” म्हणाला आणि परत जाऊन झोपला.

नाही म्हटलं की हात मागे. कारणही विचारायचं नाही, असं आम्हाला शिकवलंय. मी वाटी घेऊन उभी.

फोनमधून आई ओरडली, “अगं, विचारलंस कशाला?”

ताई स्वतःच पाटावर येऊन बसली. “मला काही विचारू नकोस. चोळ.”

मी वाटी खाली ठेवली आणि चादर शोधायला गेले.