ठराव कुठल्या भाषेत लिहायचा?

ग्रामसभेतून आत्ताच आलोय. डोकं इतकं तापलंय की ताट झाकून ठेवलंय आणि हे लिहायला बसलोय. पंचायतीचं नाव घालत नाही. पेडणे तालुका एवढंच सांगतो, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

विषय एकच होता. शापोरा नदीच्या काठचं आमचं खाजन, म्हणजे बांध घालून राखलेली भातशेती, त्यातले काही सर्व्हे नंबर भातशेतीतून काढून सेटलमेंटमध्ये, म्हणजे घरं बांधायच्या झोनमध्ये, घालायचा घाट आहे. नगरनियोजन कायद्याचं ते जमिनीचा झोन बदलणारं ३९अ कलम, एव्हाना गोव्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झालं असेल. हरकतींना तीस दिवस. आम्ही म्हटलं, ग्रामसभेचा विरोधाचा ठराव घ्या. एकाने मराठीत लिहून आणलेला कागद वाचायला घेतला तर दुसरा उठला, "राजभाषा कोंकणी आसा, ठराव कोंकणींतच जावंक जाय." झालं! तिसऱ्याने १९८७ चा राजभाषा कायदा काढला, चौथ्याने थेट १९६७ चा जनमत कौल. कोणीतरी कोणाचे तरी पूर्वज सावंतवाडीला नेऊन सोडले. पंच मोबाइलमध्ये. शेवटी सचिवाने वही मिटली, वेळ संपली, विषय पुढच्या सभेत. पुढची सभा तीन महिन्यांनी. हिशोब तुम्हीच करा.

आणि बिल्डरचा माणूस मागच्या खुर्चीवर शांत बसून होता. त्याला तोंडही उघडावं लागलं नाही.

हा वाद मला नवा नाही, आमच्या घरातच जन्मलाय तो. आजोबा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे भक्त, महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणून १९६७ च्या जनमत कौलात फुलावर शिक्का मारणारे. आजीचा भाऊ, म्हणजे बाबांचे मामा, नदीपलीकडे बार्देसातल्या शिवोलीचे, दोन पानंवाले, म्हणजे गोवा वेगळाच ठेवायचा म्हणणारे. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. गोवा वेगळा राहिला आणि आमच्या घरातलं बोलणं बंद झालं. मामा चतुर्थीला यायचे, ओसरीवर बसायचे, समोर आजोबा पेपर तोंडापुढे धरून. "तेंका सांग, चाय थंड जाता." हे वाक्य आजीला उद्देशून, पाच हातांवर बसलेल्या मेव्हण्यासाठी. मामाही तसेच, "तेंका सांग, साखर कमी आसा."

आता हसू येतं. पण ती माणसं निदान खऱ्या प्रश्नावर भांडली. बार्देस, तिसवाडी, साष्टी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेली आणि पेडणे १७८८ मध्ये. मधल्या जवळजवळ अडीचशे वर्षांत नदीच्या दोन काठांना दोन वेगळी आयुष्यं लाभली. आधी जिंकलेल्या त्या जुन्या काबिजादी आणि नंतरच्या त्या नव्या काबिजादी. मग १९६१ ला मुक्त झाल्यावर पुढे कसं राहायचं, यावर मतं दोन होणारच. आणि सरकार तरी कसं होतं बघा. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. कौल हरले, नंतर निवडणूक लढवली आणि लोकांनी त्यांनाच परत बसवलं. लोकांना दोन गोष्टी वेगळ्या करता येत होत्या. आज आम्हाला एका सभेत भाषा आणि जमीन वेगळी करता येत नाही.

असो. भाषेचं दुखणं खरं आहे, नाही म्हणत नाही. ८६-८७ च्या राजभाषेच्या आंदोलनात माणसं मेलीत. मीही मराठीतच लिहितोय, आणि उद्या कोणी ती काढून घ्यायला आला तर पहिला मी भांडेन. पण खाजनात इमारती उभ्या राहिल्यावर ठरावाचं व्याकरण तपासायला येणार कोण?

बोलणं बंद असतानाच एका पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला आमच्या खाजनाचा बांध फुटला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे खाडीकडून राखलेली जमीन. मातीचा बांध आणि मानशीचं दार, ओहोटीला पाणी बाहेर सोडणारं, भरतीला आत येऊ न देणारं. खारं पाणी एकदा शिरलं की पुढच्या हंगामाचीही खात्री नाही. कोरगुट भात खारटपण सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. रात्री निरोप गेला. पहाटे मामा शिवोलीहून होडीने गडी घेऊन हजर. आजोबा आणि मामा गुडघाभर चिखलात, हातोहात मातीचे गोळे देत, ओहोटी संपायच्या आत भगदाड बुजवायचं म्हणून धावत. बाबा सांगतात, तेव्हाही दोघे एकमेकांशी बोलले नाहीतच! "तेका सांग, खंय भेग आसा," हे गड्याला. बांध मात्र बांधला.

तोच बांध. तेच सर्व्हे नंबर.

हो, शेतीत काही उरत नाही, मालकाने विकू नये तर काय करावं, हा प्रश्न मला आज सभेत विचारला गेला. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. मोपाच्या विमानतळावर आमच्यातली काही पोरं लागली, तेही मान्य. पण बांधाआड घरं बांधून पाणी जायचं कुठे, याचं उत्तर विचारणाऱ्यांकडे आहे का?

आणि ज्यांनी हे उत्तर द्यायचं ते आमदार! २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० जणांनी भाजपमध्ये उडी मारली. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे (क्रॉसपुढे) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घ्यायला नेलं, फुटणार नाही म्हणून. सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ फुटले. तिथे मात्र धर्म, भाषा, जुनी काबिजाद, नवी काबिजाद, काही म्हणजे काही आड आलं नाही बघा. उत्तरेचा आणि दक्षिणेचा, हिंदू आणि ख्रिस्ती, सगळे हातात हात घालून गेले. एकी शिकायची तर यांच्याकडून. भांडायचं काम आपल्याला लावून दिलंय, पंधरा लाखांच्या राज्यात.

जाऊ दे, जास्त लिहिलं तर उद्या कोणीतरी घरी येईल समजूत काढायला.

वैयक्तिक हरकती घालता येतात, त्याला ग्रामसभा लागत नाही. मसुदा केलाय, मराठीत आणि कोंकणीत, दोन्ही. बुधवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर या, येताना सर्व्हे नंबरचा उतारा आणा. शिवोलीचे मामेभाऊ येतायत, त्यांनी पलीकडचे अर्जही गोळा केलेत. शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांनी आधी सही करावी, मग काढाव्यात.