मयूरशिखा उपटल्याने काहीच बिघडत नाही काय?

साताऱ्यातल्या अनेक व्हॉट्सअॅप गटांवर सध्या मयूरशिखेविषयी एक संदेश फिरत आहे. ही वनस्पती मरत नाही, वाळलेली उपटून पाण्यात ठेवली तरी हिरवी होते. ती संकटग्रस्तांच्या यादीत नसल्याने तोडायला हरकत नाही. कास पठार जागतिक वारसा असल्याने तिथे तिचे बेणे सुरक्षितच आहे. आणि जंतांवर ती रामबाण आहे, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान अर्धे खरे असल्यामुळेच लोकांना पटते. मयूरशिखा हा खडकाच्या आणि जुन्या भिंतींच्या फटीत वाढणारा, वीतभर उंचीचा नेचा आहे. मोराच्या तुऱ्यासारखी त्याची पाने पावसाळ्यात हिरवीगार असतात आणि पाऊस सरल्यावर आक्रसून तपकिरी होतात. त्या अवस्थेत पेशींतले बहुतेक पाणी गेलेले असते, तरी त्यांची घडण शाबूत राहते आणि ओल मिळताच त्या पुन्हा कामाला लागतात. मात्र नवी पाने येतात ती फटीत रुतलेल्या मूलक्षोडातून, म्हणजे आडव्या खोडातून, आणि हिसका देऊन उपटताना नेमके तेच तुटते. वाटीतल्या पाण्यात पान उलगडले म्हणजे रोप जगले असे होत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याला नवे पान फुटले, तरच ते जगले म्हणता येईल. शिवाय बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवी रोपे होतात ते धुळीसारखे बारीक कण, पानांच्या मागच्या बाजूलाच तयार होतात, त्यामुळे पानांबरोबर पुढची पिढीही घरी येते. बीजाणू वाऱ्याने दूरवर जातात हे खरे. पण त्यापासून प्रथम नखाहूनही लहान असे गंतुकधारी, म्हणजे नर-मादी पेशी तयार करणारे, रूप वाढते आणि त्यावर फलन होण्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. उघड्या कातळावर अशी ओल पावसाळ्याचे थोडेच महिने टिकते.

यादीविषयीच्या विधानात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. मयूरशिखा आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेली आहे आणि ही संपूर्ण जात नष्ट होण्याच्या मार्गावर आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे संदेशाइतकेच चुकीचे ठरेल. पण ‘यादीत नाही, म्हणून धोका नाही’ हा नियम कोणत्याच वनस्पतीला लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या वर्गवारीत ‘किमान चिंता’, ‘अपुरी माहिती’ आणि ‘मूल्यमापन झालेले नाही’ असे तीन निरनिराळे वर्ग आहेत, आणि शेवटच्या दोहोंचा अर्थ सुरक्षित असा मुळीच नाही. याच जिल्ह्यातल्या पाचगणीचे नाव मिळालेली आयसोएटिस पांचगणीएन्सिस ही नेच्यांची दूरची आप्त जांभ्या दगडाच्या पठारांवरील पावसाळी डबक्यांत वाढते. तिच्यासारख्या मर्यादित क्षेत्रातल्या जातीला हा नियम लावला, तर यादीत नाव येईपर्यंत डबके बुजलेलेही असेल. जी जात जगात इतरत्र भरपूर आहे, तीही एखाद्या गडावरून कायमची जाऊ शकते, आणि त्या गडापुरते ते नामशेष होणेच असते.

कासचे म्हणणे तर नकाशा पाहिला तरी टिकत नाही. पश्चिम घाटातील 39 स्थळे 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत आली. आपल्या परिसरातील कास, कोयना आणि चांदोली ही त्यांपैकी आहेत. परंतु जिल्ह्यातले प्रत्येक पठार त्यात नाही. पवनचक्क्यांनी भरलेले चाळकेवाडीचे पठार साताऱ्याहून फार दूर नाही, आणि तिथे टॉवर व रस्त्यांसाठी कातळ फोडला गेला आहे. गडांच्या तटांचा प्रश्न याहून वेगळा आहे. डागडुजी करताना सांधे सिमेंटने बंद केले की नेच्याचे घरच बुजते. मोठ्या झाडांची मुळे तट फोडतात, ती काढायलाच हवीत. वीतभर नेच्याला त्याच मापाने मोजू नये.

राहिले औषध. मयूरशिखेचा वापर परंपरेने होत आला आहे, हे मला मान्य आहे. पण हेच नाव कोंबड्याच्या तुऱ्यासारखे फूल येणाऱ्या, अंगणात लावल्या जाणाऱ्या झाडालाही दिले जाते. संदेशात छायाचित्र नेच्याचे आहे, पण सांगितलेला गुण दोहोंपैकी कोणत्या वनस्पतीचा, मात्रा किती आणि कोणता भाग घ्यायचा, याविषयी त्यात एक अक्षरही नाही.