मी आणि कंस

5 नोव्हेंबर म्हणजे मराठी रंगभूमी दिन, म्हणून त्या दिवशी पुरवणीतलं शब्दकोडं नाटकांवरचं होतं. "हे तर सोपंय," असं मी मोठ्यांदा म्हणालो, ही पहिली चूक. दुसरी म्हणजे पेनाने लिहायला घेतलं.

सुरुवात झकास झाली. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते गाव, तीन अक्षरं. सांगली! लिहून बायकोकडे बघितलं. ती लसूण सोलत होती. पुढे उभे 4 : 'एकच प्याला'त सुधाकरला दारूची चटक लावणारा, चार अक्षरं. हे काम मित्राशिवाय कोण करणार, या स्वानुभवावर मी ठळक अक्षरांत 'रामलाल' लिहिलं. मग त्यालाच छेदत किर्लोस्करांचं 1880 सालचं संगीत नाटक आलं आणि चौकोनांत उमटलं 'शाकुंराल'.

"अरे, तळीराम तो!" बायको म्हणाली. "रामलाल बिचारा सज्जन माणूस. दर 31 डिसेंबरला पेपरात 'तळीरामांवर कारवाई' वाचतोस ना? 'रामलालांवर कारवाई' वाचलंयस कधी?"

खरं तर हे नाटक मला यायला हवं होतं. नववीत बाईंनी त्यातला एक प्रवेश वर्गात वाचायला घेतला होता. शाळा मुलांची. सिंधूचं काम पुरुषाने करायचं हे बालगंधर्वांपासून चालत आलेलं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. फक्त आमच्या सिंधूचा आवाज त्याच आठवड्यात फुटला होता. हजेरीपटाप्रमाणे पात्रं वाटता वाटता माझ्यापाशी येऊन संपली. बाई म्हणाल्या, "तू कंस वाच." म्हणजे (जातो.), (स्वगत), (पडदा पडतो.) वगैरे.

घरी ऐटीत सांगितलं, मला कंसाचं काम मिळालंय. आईने संध्याकाळपर्यंत चाळभर केलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग कृष्ण कोण रे?"

"कृष्ण नाहीये काकू. सुधाकर आहे."

काकूंनी आईकडे पाहिलं.

आणि कंस वाचणं वाटतं तितकं सोपं नसतं. मी घाईने "रडत" म्हणून टाकायचो, तर सुधाकर वैतागायचा, "थांब ना, अजून रडायला आलं नाहीये मला!" माझं सगळं लक्ष पुढचा कंस कुठे उघडतोय याच्यावर. दोन कंसांच्या मध्ये कोण कोणाला काय म्हणालं, कुणाचा संसार बुडाला, कशाचाच पत्ता नाही. परीक्षेत नेमकं 'कोण, कोणास म्हणाले?' आलं. अजूनही कुठल्याही नाटकाला गेलो की मला संवाद लक्षात राहत नाहीत, कोण कुठल्या विंगेतून गेलं ते मात्र बिनचूक आठवतं. कोड्यात विंगा विचारत नाहीत.

एव्हाना खाडाखोड करून चौकोनाला भोक पडलं होतं. आणि तेवढ्यात उभे 11 : पात्राचं स्वतःशीच बोलणं, तीन अक्षरं.

"स्वगत!" मी इतक्या जोरात ओरडलो की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"ते इतक्या मोठ्यांदा नसतं," बायको म्हणाली आणि लसणाचं ताट घेऊन उठली.

(जाते.)