‘तुकडे’ म्हणणाऱ्या कोकणवासींना उत्तर

‘एक कोकणवासी’ यांस,

सप्रेम नमस्कार. परदेशी वकिलाती देतात त्या छोट्या सांस्कृतिक अनुदानांवरच्या माझ्या लेखाखाली आपण रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एवढी लांब प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी आपलं म्हणणं सांगतो: मी फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीचं साल चुकवलं, असे कार्यक्रम फोटोपुरते असतात, मागे काही उरत नाही, पैसे इंग्रजी येणाऱ्यांनाच मिळतात, आणि ‘परदेशी वकिलातींनी टाकलेले तुकडे वेचायला कोकणातले मास्तर सगळ्यात पुढे’.

साल चुकलं, मान्य. १९४६ हे अमेरिकेतल्या कायद्याचं साल, भारताशी करार झाला तो १९५० मध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, तेव्हा माझ्या वहीवर कोणी लाल रेघ मारली तर मला राग येत नाही.

पण ‘तुकडे’? तुकडा टाकतात तो कुत्र्याला. हा शब्द आपण विचार करून लिहिलात की झोपेत, ते माहीत नाही. मी मात्र त्यावर दोन दिवस विचार करतोय.

आमच्या संस्थेला अमेरिकेकडून जे अनुदान मिळालं ते वेचण्यासारखं असतं तर बरं झालं असतं. नुसतं वाकावं लागलं असतं. अहो, अकरा महिने गेले! परदेशी सरकारचा एक रुपया घ्यायचा तर २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, नाहीतर त्या एका कामापुरती गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी. २०२० च्या दुरुस्तीपासून पैसे आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरतात. म्हणजे संस्था देवगड तालुक्यातली, कार्यालय माझ्या पडवीत आणि खातं दिल्लीला. कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या आत. आलेले पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवायचे नाहीत. अमेरिकेचे नियम आणखी निराळे: बांधकामाला पैसे नाहीत, राजकारणाला नाहीत, दानधर्मालाही नाहीत, आणि कार्यक्रमात अमेरिकेशी काहीतरी धागा हवा. रंगमंच बांधता येईना म्हणून आम्ही देवळाच्या सभामंडपात बसलो. पाच दिवस चहा-भजी दिली त्या माणसाकडे बिलबुक नव्हतं, तर वहीच्या पानावर रोजचा हिशेब लिहून त्याची सही घेतली. ती पाच पानं अजून फाइलमध्ये आहेत. तेलाचे डाग पडले आहेत त्यांच्यावर. हवी असतील तर येऊन बघा, तुकडा कसा दिसतो ते.

आणि कार्यक्रम काय होता? मुलांचं पाच दिवसांचं शिबिर. तिकडच्या एक नाट्यशिक्षिका आल्या होत्या, इकडचे दशावतारी. राजपार्ट करणारे आमचे एक काका पेटाऱ्यासमोर मांडी घालून, हातात तळहाताएवढा आरसा धरून स्वतःचा चेहरा रंगवत होते. बाई पाऊण तास न हलता बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, आज रात्रीच्या खेळाची संहिता कुठे आहे? शिबिरातल्या नववीतल्या एका पोरीने काकांना मालवणीत विचारलं. काकांनी रंगाचं बोट न पुसता कपाळाला लावलं आणि म्हणाले, “ता हयसर.” त्या रात्री साडेतीन तास नाटक झालं, लिहिलेली एकही ओळ नसताना. बाई शेवटपर्यंत जागल्या. भीक कोण घेत होतं तिथे?

दुसरं असं की आपलं सरकारही हेच करतं. मेकाँग-गंगा सहकार्य या भारत आणि आग्नेय आशियातल्या देशांच्या गटात कंबोडिया, लाओस, म्यानमार, व्हिएतनाममधल्या छोट्या कामांना भारत प्रत्येकी ५०,००० डॉलरपर्यंत देतो. १९६४ पासून आयटेक या प्रशिक्षण योजनेखाली परदेशातली माणसं भारत सरकारच्या खर्चाने इथे शिकून जातात. आपण दिलं की सहकार्य, आणि त्यांनी दिलं की तुकडा? फुलब्राइटच्या मागे ‘नेहरू’ का लागलं, तेही बघा. २००८ च्या नव्या करारानंतर आपलं सरकारही बरोबरीने पैसे घालतं.

‘कोकणातले मास्तर’ हे मात्र जिव्हारी लागलं. माझे वडील पोस्टमन होते. गिरणगावातून आलेल्या मनीऑर्डरी घेऊन कातळाचा सडा उतरायचे, उंबऱ्यात बसून नोटा दोनदा मोजून द्यायचे आणि त्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. पैसे दिल्यावर चहा घेतला तर म्हातारीला वाटेल की द्यावाच लागतो, असं म्हणायचे. मनीऑर्डरीवर जगणारं कोकण म्हणून हिणवणारे तेव्हाही होते. ते बहुतेक मुंबईतच असायचे. आपण कुठे असता?

मागे काय उरतं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, सवडीने लिहीन. शिबिरातल्या अठरा मुलांपैकी दोघं अजून दशावतारी मंडळाबरोबर जत्रांना जातात. बाकीची पुण्या-मुंबईला शिकायला गेली, त्याला मी काय करणार? इंग्रजीचं म्हणाल तर अर्जच इंग्रजीत असतो. आमचा माझ्या भाचीने लिहिला. त्यात गैर काय ते मला कळलं नाही.

पुढच्या खेपेला नाव घालून लिहा, एवढी विनंती. आमचे हिशेब उघडे आहेत. दिल्लीच्या खात्यात व्याजाचे आठशे बारा रुपये उरले आहेत, आणि तेवढ्यासाठी मी दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत विवरणपत्र भरतो.

कळावे.